पॅलाडिन ५ झालाय, आता सॉर्सरर घेऊ की वॉरलॉक? की सरळ पॅलाडिनच पुढे नेऊ?

तांबडा_रस्सा

मंडळी, जरा सल्ला हवाय. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ) पाचवी एडिशन खेळतोय, २०१४ चे जुने नियम, शनिवारी रात्री ऑनलाइन. माझा हाफ-एल्फ पॅलाडिन (शपथेला बांधलेला योद्धा) आहे, शपथ ओथ ऑफ डिव्होशन, स्ट्रेंथ १८, करिस्मा १६, कॉन्स्टिट्यूशन १४ आणि बाकी सगळं १०. ढाल-तलवार घेऊन पुढे उभा राहतो, मागे क्लेरिक (देवाच्या नावाने जादू करणारा), रोग (म्हणजे Rogue, चोरपावलांचा) आणि एक बार्बेरियन आहे. पुढच्या वेळी सहावी लेव्हल मिळणार आणि डोक्यात मल्टिक्लासचं, म्हणजे एकाच पात्रात दोन क्लास (पेशे) मिसळायचं, खूळ शिरलंय. बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममध्ये मनसोक्त क्लास मिसळले होते तेव्हापासूनच खरं तर. सॉर्सरर (जन्मजात जादूवाला) घेतला तर स्माइटला, म्हणजे पॅलाडिनच्या जादूच्या जोरदार वाराला, स्लॉट (स्पेलसाठी मोजून मिळणारा जादूचा साठा) जास्त मिळतात म्हणे, वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारा) घेतला तर स्लॉट शॉर्ट रेस्टला (तासभराच्या विश्रांतीला) परत येतात. कॅम्पेन साधारण दहाव्या लेव्हलला संपवायचा डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) विचार आहे. काय करू?

घाटमाथा

आधी सहावी लेव्हल पॅलाडिनचीच घे, यात दुसरा विचार करू नकोस. सहाव्याला ऑरा ऑफ प्रोटेक्शन मिळतो, म्हणजे तू आणि तुझ्या दहा फुटांतला प्रत्येक मित्र, सगळ्यांच्या सगळ्या सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचायला टाकायच्या फाशाला) तुझा करिस्मा मॉडिफायर, तुझ्या बाबतीत +३. पाचव्या एडिशनमध्ये इतकी दमदार गोष्ट फार थोड्या क्लासकडे आहे आणि तू तिच्यापासून फक्त एक लेव्हल लांब आहेस. इथे वळलास तर पुढचे कित्येक शनिवार तुमचा रोग होल्ड पर्सन (जागीच खिळवणारा स्पेल) खाऊन आडवा पडणार आणि तू बघत बसणार.

मग सॉर्सरर. हिशोब असा की स्लॉट मोजताना पॅलाडिनच्या लेव्हल निम्म्या धरतात, खाली राउंड करून, आणि सॉर्सररच्या पूर्ण. पॅलाडिन ६ सॉर्सरर २ म्हणजे ३ + २ = पाचव्या लेव्हलचा कॅस्टर, त्याचे स्लॉट ४-३-२ (पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या लेव्हलचे). आता यातले जे दोन तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट आहेत त्यात टाकायला तिसऱ्या लेव्हलचा एकही स्पेल तुझ्याकडे नसेल, कारण स्पेल कोणते येतात ते प्रत्येक क्लासचं वेगवेगळं मोजतात. फायरबॉल विसर. पण स्माइटला स्पेल लागतच नाही ना, नुसता स्लॉट लागतो! तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट जाळलास की ४डी८, म्हणजे आठ बाजूंच्या चार फाशांचं जास्तीचं नुकसान. आठव्या लेव्हलला सरळ पॅलाडिनकडे तिसऱ्या लेव्हलचा स्लॉटच नसतो.

तांबडा_रस्सा

अरे वा, हे स्लॉटचं गणित कोणी इतकं सोपं करून सांगितलंच नव्हतं. आणि सॉर्सररचा शील्ड स्पेल पण मिळेल ना? रिअॅक्शनला एसी (वार लागू न देणारा आकडा) +५, प्लेट आर्मर आणि ढालीवर.

निशाचर_रोग

मिळेल, पण तुला टाकता येणार नाही. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. शील्डला हाताची खूण लागते आणि मटेरियल काहीच लागत नाही, त्यामुळे ढालीवरचं होली सिम्बॉल इथे कामाचं नाही, हात रिकामाच हवा. वॉर कॅस्टर ही फीट (खास जादा कौशल्य) घेतली तरच. काही डीएम याकडे काणाडोळा करतात, तुझा करतो का ते आधी विचारून घे कारण सगळा बेत त्यावर अवलंबून आहे.

कोकणकडा

मी वॉरलॉकच्या बाजूने. वर सगळे नुसते आकडे मांडतायत. डिव्होशनचा पॅलाडिन, शपथेचा पक्का माणूस, त्याने कुणाशी करार का केला? काय गमावलं होतं म्हणून केला? यात डीएमला दहा सेशनचं खाद्य आहे. आणि कमकुवत पण नाहीये हं, हेक्सब्लेड (वॉरलॉकचा एक प्रकार) घेतलास तर पहिल्याच लेव्हलला स्ट्रेंथऐवजी करिस्मावर तलवार चालते. शिवाय वॉरलॉकचा एल्ड्रिच ब्लास्ट हा स्पेल, त्याचे किरण तुमच्या एकूण लेव्हलवर वाढतात, वॉरलॉकच्या लेव्हलवर नाही, म्हणजे एकच लेव्हल घेतली तरी लांब मारा करायला कायमचं हत्यार. पॅलाडिनची तीच तर बोंब असते, उडणारा शत्रू आला की भाला फेकत बसायचं.

घाटमाथा

कथेचं पटतं, खरंच. पण स्ट्रेंथ १८ करून बसलाय तो, हेक्सब्लेडची निम्मी मजा वाया. आणि वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टवर जगतात. @तांबडा_रस्सा, तुमच्याकडे दोन लाँग रेस्टच्या मधे लढाया किती होतात?

तांबडा_रस्सा

एक मोठी, फार तर दोन, मग सगळे झोपतात. शॉर्ट रेस्ट घेतल्याचं आठवत नाही.

घाटमाथा

मग सॉर्सररच. ज्या टेबलावर तासभर बसून दम खायची पद्धतच नाही तिथे वॉरलॉक उपाशी मरतो.

जुनं_खोड

थोडं अवांतर. डीएमने २०१४ च्या पुस्तकातली अट लावली असेल तर आत्ताच्या आणि नव्या, दोन्ही क्लासच्या मुख्य अॅबिलिटी १३ लागतात. तुम्ही बसता त्यात, पॅलाडिनला स्ट्रेंथ आणि करिस्मा दोन्ही, सॉर्सररला करिस्मा. बाल्डर्स गेट ३ मध्ये ही अटच नाही म्हणून तिथून आलेले गोंधळतात. तुमचा बार्बेरियन मित्र उद्या विझार्ड घेतो म्हणाला तर त्याचा इंटेलिजन्स आधी बघा, आणि रेजमध्ये (बार्बेरियनच्या रागाच्या भरात) असताना स्पेल टाकताच येत नाही हेही सांगा त्याला.

१९७८ च्या अॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या पुस्तकात तर माणसाला मल्टिक्लास नव्हताच, तो एल्फ-ड्वार्फ वगैरेंचा हक्क. माणसाने जुना क्लास कायमचा सोडून नवा धरायचा, जुन्याच्या मुख्य अॅबिलिटीत १५ आणि नव्याच्यात १७ असेल तरच. वर नव्याची लेव्हल जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली की त्या मोहिमेचे एक्सपी (अनुभवाचे गुण) गेले. दर लेव्हलला हवा तो क्लास घ्या ही मोकळीक २००० च्या तिसऱ्या एडिशनपासूनची. मला ती फार आवडते, पात्र खेळता खेळता घडत जातं. आणि हो, २०२४ च्या नियमांवर जायचा विचार असेल तर स्माइट तिथे बोनस अॅक्शनचा स्पेल झालाय, एका टर्नमध्ये दोनदा हाणता येत नाही, म्हणजे जास्तीच्या स्लॉटची किंमत तिथे कमी होते.

तांबडा_रस्सा

नाही, २०१४ वरच संपवणार. डीएमला विचारलं, हाताच्या नियमात सूट नाही म्हणाला. म्हणजे वॉर कॅस्टर हवीच. ती आठव्या लेव्हलला घेऊ ना?

निशाचर_रोग

थांब, इथेच बहुतेक जण फसतात. फीट एकूण लेव्हलवर मिळत नाही, त्या त्या क्लासच्या चौथ्या, आठव्या लेव्हलला मिळते. ६ नंतर लगेच सॉर्सरर धरलास तर पुढची फीट सॉर्सरर ४ ला, म्हणजे एकूण दहाव्याला, आणि तिथे तुमचं कॅम्पेनच संपतंय. मी असतो तर पॅलाडिन ८ पर्यंत गेलो असतो. सातव्याला डिव्होशनचा ऑरा, जवळच्या कुणालाच चार्म (जादूने वश) करता येत नाही, आठव्याला वॉर कॅस्टर, मग शेवटच्या दोन लेव्हल सॉर्सरर. स्लॉट ४-३-३, सरळ पॅलाडिन १० चे ४-३-२ असतात. गमावतोस काय तर मुख्य म्हणजे पॅलाडिन ९ ला येणारे रिव्हिव्हिफायसारखे (नुकत्याच मेलेल्याला जिवंत करणारे) स्पेल, आणि तुमच्याकडे क्लेरिक आहे.

तांबडा_रस्सा

८/२ फायनल. क्लेरिकवाल्याला आजच मेसेज टाकतो, रिव्हिव्हिफायला लागणारे हिरे त्यानेच जवळ ठेवायचे.

कोकणकडा

ठीक आहे, पण सॉर्सररची जादू रक्तातून येते ना, मग ती आठ लेव्हल कुठे दडली होती ते डीएमला आत्तापासून पेरायला सांग. नवव्या लेव्हलला अचानक उगवली तर मी तरी ऐकून घेणार नाही.