हाफ प्लेट फील्ड कॅमेऱ्यासाठी लेन्स बोर्ड : कोणते लाकूड आणि किती घट्ट?

प्रश्न, अमळनेरहून

एका बंद झालेल्या फोटो स्टुडिओतून मला हाफ प्लेट (जुन्या काचेच्या प्लेटांचे एक माप) आकाराचा जुना सागवानी फील्ड कॅमेरा मिळाला आहे. भाता शाबूत आहे आणि मागची घासलेली काचही धड आहे. पुढच्या चौकटीत बसणारा लेन्स बोर्ड, म्हणजे लेन्स धरणारी फळी, मात्र हरवला आहे. माझ्याकडे कोपाल १ क्रमांकाच्या शटरमधील २१० मिमीची लेन्स आहे, आणि हाफ प्लेटचा कर्ण सुमारे २०५ मिमी असल्यामुळे ती या कॅमेऱ्याला नॉर्मल लेन्स म्हणून चपखल ठरते. शिवाय रॅपिड रेक्टिलिनिअर प्रकारची एक जुनी पितळी लेन्स आहे, तिची तीन स्क्रूंची फ्लँजही (लेन्स जिच्यात आवळतात ती बोर्डावरची आट्यांची कडी) सोबत आहे. ज्या खानदेशात केकी मूस यांनी चाळीसगावला राहून टेबल-टॉप छायाचित्रणाची साधना केली, तिथे असा कॅमेरा दिवाणखान्यात नुसता शोभेला ठेवणे मला पटत नाही. आमचे सुतार विचारत आहेत की फळी चौकटीत ठोकून घट्ट बसवायची का. प्रकाश आत शिरू नये म्हणून तेच योग्य होईल का? आणि लाकूड कोणते घ्यावे?

उत्तर, धुळ्याहून

घट्ट बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती. प्रकाश अडतो तो बोर्डाच्या मागच्या पायरीमुळे. घट्टपणाचा त्यात वाटा नाही. पुढची फळी चौकटीच्या खाचेत टेकते आणि तिच्यामागे चिकटवलेला लहान तुकडा आतल्या मोकळ्या जागेत शिरतो, त्यामुळे किरणाला आत यायचे तर दोनदा वळावे लागते आणि तो वाटेतच संपतो. म्हणून पुढच्या फळीला चारही बाजूंनी अर्धा मिलिमीटर आणि मागच्या तुकड्याला एक मिलिमीटर मोकळीक ठेवली तरी काही बिघडत नाही.

ही मोकळीक आपल्या भागात तर हवीच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा कोरडीठाक असते. जुलै उजाडला की तेच लाकूड दमट हवा पिऊन फुगते. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवे मात्र हलते, आणि १०० मिमी रुंदीच्या सागवानी फळीत हा फरक अर्धा ते एक मिलिमीटर सहज पडतो. उन्हाळ्यात ठोकून बसवलेला बोर्ड पावसाळ्यात निघणार नाही, आणि ओढाताणीत दीडदोन पिढ्यांपूर्वीचा चौकटीचा सांधा उकलेल. जुन्या वाड्याच्या दाराचे मुरलेले सागवान मिळाले तर पुढच्या फळीसाठी ते अवश्य घ्या, कारण कॅमेऱ्याला तेच शोभते. पण मागचा तुकडा तीन मिमी प्लायचाच करा, म्हणजे फळी वाकणार नाही.

माप घेताना चौकटीची रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी व्हर्निअरने मोजा आणि कोपऱ्यांना गुण्या लावून पाहा. जुनी चौकट क्वचितच पूर्ण काटकोनात असते.

उत्तर, भुसावळहून

वरील उत्तराशी सहमत आहे. छिद्राबद्दल थोडे लिहितो. कोपाल १ ला सुमारे ४१.६ मिमीचे छिद्र लागते (० क्रमांकाला ३४.६ आणि ३ क्रमांकाला ६५ मिमी). ४१ मिमीचा होल सॉ हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. अर्धे छिद्र पुढून आणि अर्धे मागून पाडा, म्हणजे कड फाटणार नाही. उरलेले अर्धगोल कानशीने घासत जा आणि दर वेळी शटर लावून पाहा. शटरच्या पाठीवर एक बारीक पिन किंवा स्क्रू असेल, तर तिच्यासाठी छिद्राच्या कडेला छोटी खाच हवी, नाहीतर शटर बोर्डावर सपाट टेकत नाही. पिन नको असेल तर स्क्रू काढून ठेवता येतो, पण मग कॉकिंगचा (शटर चढवण्याचा) दांडा ओढताना शटर फिरण्याचा संभव राहतो.

शटर मागून आवळणारी रिंग जाड फळीवर आट्यांपर्यंत पोहोचतच नाही. छिद्राभोवती जाडी तीन मिमीच्या आसपास ठेवा आणि मागच्या तुकड्यात रिंग व तिचा पाना मोकळा फिरेल एवढे मोठे छिद्र घ्या.

उत्तर, जळगावहून

थ्री-डी प्रिंटिंगचा विचार कोणी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो : पीएलए हे प्रिंटिंगचे प्लास्टिक वापरू नये. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत एवढी उष्णता होते. बोर्ड किंचित जरी वाकला तरी लेन्स फिल्मला समांतर राहत नाही आणि एका बाजूचा फोकस जातो. दोन मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा हा चांगला पर्याय आहे, फक्त आतली बाजू मॅट काळी करायला विसरू नका.

अमळनेरहून पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. पितळी लेन्सच्या फ्लँजचे स्क्रू कुठेही मारले तर चालतील का? लेन्सच्या नळीवर एक आडवी फट आहे, तिच्यात ॲपर्चरच्या सुट्या पट्ट्या बसतात.

उत्तर, धुळ्याहून

कुठेही मारू नका. ती फट वर आली पाहिजे, नाहीतर बोर्ड उभा करताच पट्टी खाली गळून पडेल. फ्लँज बोर्डावर नुसती ठेवा, लेन्स तिच्यात शेवटपर्यंत आवळा, मग लेन्ससकट फ्लँज फिरवून फट बरोबर वर आणा आणि तीन छिद्रांच्या खुणा पेन्सिलीने करा. लेन्स घालताना आधी हलकेच उलटी फिरवा. आटे जुळले की बोटांना बारीक ‘टक्’ जाणवते, तिथून सुलटी फिरवा. पितळेचे आटे एकदा चुकीचे चढले की कायमचे खराब होतात. स्क्रूसाठी आधी बारीक छिद्रे पाडा, नाहीतर वाळलेले सागवान रेषेवर चिरते.

आतल्या बाजूला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत काजळी कालवून पातळ हात द्या. कडांवर तिचा थर चढू देऊ नका, तिथली मोकळीक भरून जाते. शेवटी लेन्सला टोपी लावा, काचेची मागची चौकट काढा आणि अंधाऱ्या खोलीत काळ्या कापडाखाली डोके घालून बसा. दुसऱ्याला बोर्डाच्या चारही कडांवरून टॉर्च हळूहळू फिरवायला सांगा. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटे तरी द्यावीत. प्रकाश दिसलाच तर तो बहुधा बोर्ड अडकवणाऱ्या वरच्या फिरत्या चापाजवळ दिसेल, तिथे आतून काळ्या मखमलीची पट्टी चिकटवा.