आजोबांची फियाट ११००: पत्रा सगळा बदलायचा का?

देवगडहून
आजोबांची १९५९ची फियाट मांगरात झापांखाली अठरा पावसाळे उभी आहे. दारांखालचा पत्रा बोटाने चुरतो. एक कारागीर म्हणाला, इटालियन गाडी म्हणजे आत नळ्या, वर अ‍ॅल्युमिनियम. सगळं सोलून काढा. खरं का? तिच्यातूनच आईची वरात आली होती, उगाच हात लावायचा नाही.

रत्नागिरीहून
थांबा! तो सांगतोय ती मिलानच्या तुरिंग या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कारखान्याची 'सुपरलेजेरा' पद्धत. बियांकी अँडरलोनी आणि पोन्झोनी यांनी १९२६ मध्ये तो कारखाना काढला. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकून घडवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. अल्फा रोमिओ ८सी २९००बीवर ती बॉडी चढली. मला तिच्याहून देखणी गाडी माहीत नाही. पण पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम टेकतात तिथे खारी ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. आपल्या किनाऱ्यावर ती गाडी सांभाळणं म्हणजे रोजची राखण.

तुमची ११०० अख्खी पोलादी, खाली वेगळी चासी (भार पेलणारी चौकट) नाही. दाराखालची पट्टीच तिचा कणा.

वेंगुर्ल्याहून
म्हणून कापण्याआधी आतून आडवे-उभे अँगल वेल्ड करून घ्या आणि एका वेळी एकच बाजू उघडा. नाहीतर बॉडी खचते, मग दारं कधीच नीट लागत नाहीत. माझ्या गाडीचं तेच झालं.

देवगडहून
आज टोचून पाहिलं. डावी बाजू गेली, उजवी अजून घट्ट आहे. आधी अँगल आणतो.