शब्दचर्चा: लो अँगल म्हणजे 'खाली' की 'खालून'?

एका शॉर्टफिल्मवर मराठीत टिपण लिहितेय, त्यात लो अँगलला 'खालचा कोन' लिहिलं आणि परत वाचल्यावर मलाच पटेना. खालचा कोन म्हणजे कॅमेरा जमिनीलगत ठेवलाय एवढंच, की तो तिथून मान वर करून बघतोय? पडद्यावर दोन्हीचा परिणाम पार वेगळा होतो. समीपदृश्य, दूरदृश्य हे शब्द वाचनात येतात पण बोलताना सगळे क्लोज, मिड, वाइडच म्हणतात आणि ते मला चालतंही, अडलंय ते इथेच.

---

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. कॅमेरा कुठे ठेवलाय ते 'खाली' सांगतं, कुठून बघतोय ते 'खालून', नुसत्या एका प्रत्ययाचा फरक.

जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोक्यो स्टोरी' (१९५३) बघा. तिथे कॅमेरा खाली आहे, पण खालून बघत नाही, लेन्स बहुतेक वेळा सरळच. म्हातारे आईवडील मुलांकडे राहायला आलेत, मुलांना वेळ नाहीये, आणि आपण त्यांच्याच खोलीत चटईवर मांडी घालून बसलोय असं वाटत राहतं, कुणी मोठा दिसत नाही की कुणी लहान.

उलट 'सिटिझन केन' (१९४१). निवडणूक हरल्यावर नायक केन रात्री ऑफिसात असतो तो सीन, त्यात कॅमेरा इतका खालून आहे की त्यासाठी सेटची जमीन फोडली होती आणि फ्रेममध्ये छत दिसणार म्हणून कापडाची छतं ताणली होती. खालून म्हणजे रुबाब असं आपण पाठ करून ठेवतो ना, पण इथे माणूस हरलेला आहे, धिप्पाड दिसतो आणि ते छत त्याच्या डोक्यावर टेकल्यासारखं वाटतं. त्यामुळे शब्दकोशात 'खालून = सत्ता' असं कुणी लिहू नये, असं मला फार वाटतं.

---

'वरून'चंही तेच. टॉप शॉट म्हणजे डोक्यावरून थेट खाली, हाय अँगल म्हणजे वरून पण तिरकं, आणि लोक सर्रास दोन्हीला टॉप म्हणतात.

माझा अनुभव सांगतो. आजी तांदूळ निवडत होती, मी उभ्या उभ्या मोबाईलवर शूट केलं. घरी सगळ्यांनी बघितलं आणि आई म्हणाली, किती थकलेली दिसतेय रे. दुसऱ्या दिवशी मी समोर जमिनीवर बसलो, फोन सुपाच्या जरा वर धरला, तीच आजी, खिडकीतला तोच उजेड, पण आता तिची बोटं दिसत होती, खडा सापडला की भुवई किंचित वर जायची तेही दिसत होतं. थकवा तिचा नव्हताच, तो माझ्या उभं राहण्यात होता.

---

मग डच अँगलला, म्हणजे कॅमेरा एका बाजूला कलवून घेतलेल्या शॉटला, काय म्हणायचं? हॉलंडचा काय संबंध?

---

हॉलंडचा नाही, 'डॉइच' म्हणजे जर्मन, त्याचं डच झालं असं सहसा सांगतात. मी 'तिरपा कॅमेरा' म्हणते. 'टिल्ट' नको, कारण टिल्ट अप, टिल्ट डाऊन आधीच कॅमेरा वरखाली फिरवण्यासाठी वापरतात. 'द थर्ड मॅन' (१९४९) मध्ये युद्धानंतरचं व्हिएन्ना असं तिरपं दिसतं, जिने, दारं, माणसं सगळी कललेली, कुणावर विश्वास ठेवावा ते कळत नाही.

आणि जाता जाता, 'दृष्टिकोन' मधली ष्टि ऱ्हस्व, वर कुणी चुकलेलं नाही पण टिपणात लागेल म्हणून सांगितलं.

---

खूप आभार सगळ्यांचे. 'खालचा कोन' खोडला. आता वाक्य असं केलंय: "मुलगी दार उघडते तेव्हा कॅमेरा खाली आहे, बाप आत येतो तेव्हा कॅमेरा खालून बघू लागतो." दिग्दर्शकाला फोनवर वाचून दाखवलं, तो म्हणाला की उंची दोन्हीकडे तीच होती, फक्त लेन्स वर उचलली.