‘शोध लावला’ की ‘सापडला’?

माहुलीकर: साताऱ्यातल्या आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सेरेस या लघुग्रहाचा तक्ता करतेय. लिहिलं होतं, ‘१ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युझेप्पे पियाझीने सेरेसचा शोध लावला.’ मराठीच्या सरांनी ‘शोध लावला’वर लाल रेघ ओढली. म्हणे, शोध वाफेच्या इंजिनाचा लावतात, आधीपासून आहे ते सापडतं. पोरं परवा तक्ता रंगवायला बसणार. काय ठेवू?

विश्रामबागचे अण्णा: सरांना सांगा, न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला असं घोकूनच आपण सगळे पास झालो. गुरुत्वाकर्षण काय त्याने कारखान्यात घडवलं?

वेधवेडा: अण्णा, पण पियाझी काही शोधत नव्हता हो. ताऱ्यांची यादी करत होता. वृषभेतला एक बारीक ठिपका दुसऱ्या रात्री जागेवरून हललेला दिसला. उलट मंगळ-गुरूच्या मधला ग्रह हुडकायला फॉन झाख या जर्मन ज्योतिर्विदाने ज्योतिर्विदांची टोळी उभी केली होती. त्या टोळीच्या यादीत पियाझीही होता, पण निरोप पोचायच्या आधीच ठिपका दिसून गेला. म्हणून ‘सापडला’.

आयर्विन पूल: आमच्याकडं याला एकच शब्द. घावला. हुडकणाऱ्यांना घावला न्हाई, यादी करणाऱ्याला घावला. लिवा तसंच.

माहुलीकर: दादा, मग मुख्याध्यापक मला हुडकत येतील.

विश्रामबागचे अण्णा: शाळेच्या तक्त्यावर ‘घावला’? प्रमाणभाषा नावाची काही चीज असते.

आयर्विन पूल: प्रमाण कुणी ठरवलं, पुण्यानं? ‘घावणे’ हे ‘ग्रह्’ धातूवरनंच आलं असणार, माझं मत. म्हंजे ग्रह घावायचाच.

विश्रामबागचे अण्णा: आधार? का पारावरचा कोश?

वाईची लेक: तक्त्यात पुढे ‘सेरेस सूर्याच्या उजेडात हरवला’ असंही लिहिलं असेल ना? ते मला खटकतं. पंचांगात गुरू-शुक्राचा अस्त होतो तेव्हा गुरू हरवला असं कोण म्हणतं? लग्नं थांबतात, एवढंच. अस्त झाला म्हणा.

वेधवेडा: ताई, गुरू परत कधी दिसणार ते पंचांगवाल्याला ठाऊक असतं. सेरेसची कक्षाच कुणाला माहीत नव्हती. पियाझीचे वेध ११ फेब्रुवारीपर्यंतचे, म्हणजे ४१ दिवसांचे. सूर्याभोवतीच्या एका फेरीला लागतात ४.६ वर्षं. एवढ्याशा तुकड्यावरून सबंध लंबवर्तुळ काढायचं! ते चोविशीतल्या गाउस या गणितज्ञाने काढलं आणि ३१ डिसेंबरला झाखला तो त्या हिशेबाच्या जवळपास दिसला. खरा ‘शोधून काढला’ तो इथे. आणि त्याआधी हरवलेलाच होता.

वाईची लेक: मग ‘लघुग्रह’ तरी खोडा. २००६ पासून तो बटुग्रह (ड्वार्फ प्लॅनेट) आहे.

वेधवेडा: मंगळ-गुरूमधला लघुग्रहांचा पट्टा सोडून गेला नाही की. दोन्ही म्हणता येतं. हिंदीतलं ‘क्षुद्रग्रह’ मात्र आणू नका, मराठीत ती शिवी वाटते.

माहुलीकर: पोरं विचारतात, एखाद्या लघुग्रहाला ‘अजिंक्यतारा’ नाव देता येईल का?

विश्रामबागचे अण्णा: किल्ल्याचं नाव ठीक, पण लघुग्रहाला तारा म्हणायचं?

वेधवेडा: का नाही? विल्यम हर्षल या ज्योतिर्विदाने १८०२ मध्ये ‘ॲस्टेरॉइड’ नाव सुचवलं, त्याचा अर्थच ताऱ्यासारखा. अडचण वेगळी आहे. आधी कक्षा पक्की होऊन क्रमांक पडायला हवा, मग नाव सुचवायचा मान शोधकर्त्याचा, आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीची मंजुरी. रोमन लिपीत सोळा अक्षरांच्या आत. अजिंक्यतारा अकरांत बसतो. पियाझीने तर सेरेसच्या नावापुढे सिसिलीच्या राजा फर्डिनांडचं नावही जोडलं होतं, ते बाकीच्या देशांनी चालू दिलं नाही.

वाईची लेक: शोध लावणाराच नाव देणार असेल तर आधी पोरांना दुर्बीण द्या.

आयर्विन पूल: साताऱ्याचं बसू द्या. सांगलीचा गणपती कवाच वर गेलाय, लघुग्रह क्रमांक २४१५.

विश्रामबागचे अण्णा: पाहिलं. रोमनमध्ये ‘गणेस’ लिहिलंय. ‘श’ कुठे गेला?

आयर्विन पूल: आमी गनेसच म्हन्तो.