मदत हवी आहे: अणुस्फोटाचा पट्टा आणि रेडिओलहरींचं 'कवच'

मंडळी, भाचीच्या शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान प्रदर्शन आहे. विषय: माणसाने पृथ्वीभोवतीच्या अवकाशात केलेले बदल. उपग्रहांचा कचरा अर्धा वर्ग करणार, थर्माकोलचा गोळा आणि टाचण्या. हिला वेगळं हवंय, आणि निस्तरायला मावशी आहेच.

९ जुलै १९६२ ला अमेरिकेने पॅसिफिकवर ४०० किमी उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला, 'स्टारफिश प्राइम'. सुमारे १४०० किमी दूर होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे गेले. इथवर कळलं. पण पुढे कित्येक महिने उपग्रह बिघडत राहिले ते कशाने? तिथे तर हवाही नाही.

शिवाय फॅमिली ग्रुपवर आलंय की पाणबुड्यांना संदेश देणाऱ्या रेडिओलहरींचं पृथ्वीभोवती कवच झालंय आणि ते आपल्याला किरणोत्सारापासून वाचवतं. तक्त्यावर लिहू का?

तारांगण: ताई, हवा नाही म्हणूनच तर! बॉम्बचे उरलेले तुकडे किरणोत्सारी असतात, त्यांतून इलेक्ट्रॉन सुटत राहतात. खाली असते तर हवेने लगेच अडवले असते. वर ते पृथ्वीच्या चुंबकीय रेषांत अडकले आणि उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालत राहिले, काही तर वर्षानुवर्षं. टेलस्टार हा उपग्रह दुसऱ्याच दिवशी सोडला आणि इलेक्ट्रॉनच्या त्या पट्ट्यात सापडून बिघडला. ब्रिटनच्या एरियल-१ उपग्रहाचीही वाट लागली. १९६३ च्या करारात अवकाशातल्या अणुचाचण्यांवर बंदी आली.

जुना_रेडिओवाला: कवचाचं लिहू नका, परीक्षक धरतील. अति-कमी वारंवारतेच्या लहरी समुद्राच्या पाण्यात थोड्या खोलवर जातात, म्हणून पाणबुड्यांसाठी वापरतात. त्यातल्या काही वर निसटून पृथ्वीभोवती बुडबुड्यासारख्या पसरतात, हे खरं. नासाच्या व्हॅन ॲलन यानांच्या निरीक्षणांत त्या लहरींच्या बुडबुड्याची बाहेरची कड आणि पृथ्वीभोवतीच्या नैसर्गिक किरणोत्सारी पट्ट्याची आतली कड जवळपास एकाच जागी दिसली, हेही खरं. २०१७ मध्ये त्याचा गाजावाजा झाला. पण कडा जुळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी, असं ठरत नाही. आणि जमिनीवरच्या आपल्याला त्या इलेक्ट्रॉनपासून वातावरण वाचवतंच की! 'संबंध असावा, अभ्यास चालू' एवढंच लिहा.

तारांगण: मॉडेलसाठी गोळ्यात चुंबक ठेवा, उत्तरेकडून दक्षिणेकडे तारेच्या कमानी लावा, त्यांत मणी ओवा. मणी ध्रुवांना टेकायच्या आधी मागे फिरले पाहिजेत, तिथे तारेला गाठ मारा. तार तांब्याचीच घ्या, लोखंडाची चुंबकाला चिकटेल.

मी: दोघांचे आभार! तांब्याची तार पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटी मिळते का, की अख्खं बंडल घ्यावं लागतं?