एक्सएमएल-आरपीसी सरसकट बंद करणं मला मान्य नाही. तुमचं मत?

माजघर:
माझ्याकडे दहा-बारा छोट्या वर्डप्रेस साइटींची देखभाल आहे: दोन वाचनालयं, एक रोपवाटिका, एक दिवाळी अंक. मागच्या महिन्यात होस्टिंगवाल्यांनी न कळवता सगळ्यांची xmlrpc.php ही फाइल, म्हणजे बाहेरच्या ॲपना आणि सेवांना वर्डप्रेसशी बोलू देणारी एक्सएमएल-आरपीसीची वाट, बंद करून टाकली. विचारल्यावर उत्तर आलं, "ब्रूट फोर्स हल्ले होत होते."

पासवर्डचे एकामागून एक अंदाज लावणारे हे हल्ले होत होते हे खरं आहे, लॉग मीही पाहिलेत. पण त्याच दिवशी जेटपॅकची (साइटीला वर्डप्रेस डॉट कॉम या सेवेशी जोडणाऱ्या प्लगिनची) जोडणी तुटली. दिवाळी अंकाच्या संपादक ताई फोनवरच्या ॲपमधून लेख चढवतात. त्यांना फक्त "जोडता आलं नाही" एवढंच दिसत होतं. आपलाच पासवर्ड चुकतोय असं समजून त्या तीन दिवस तो बदलत बसल्या. ऐन अंकाच्या दिवसांत!

माझं म्हणणं स्पष्ट आहे. जेटपॅक आपल्या सर्व्हरांचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे त्यांचे क्रमांक, जाहीर करतं. तेवढ्यांना वाट द्या, बाकीच्यांना अडवा. सगळ्यांनाच अडवणं ही सुरक्षा नव्हे, तो आळस आहे.

रात्रपाळी:
आळस हा शब्द लागला, कारण रात्री तीनला सर्व्हर बसतो तेव्हा उठणारा मी असतो.

ही फाइल 2012 मध्ये वर्डप्रेस 3.5 पासून आपोआप चालू झाली आणि बंद करायची सेटिंगही तेव्हाच गेली. 2014 मध्ये पिंगबॅक (एका साइटीने दुसरीचा दुवा दिला की तिला कळवायची सोय) वापरून हजारो निरपराध साइटींकडून एकाच साइटीवर मारा करवला गेला. 2015 मध्ये त्याहून वाईट प्रकार समोर आला. सिस्टिम डॉट मल्टिकॉल ही सोय वापरून एकाच विनंतीत शेकडो पासवर्ड तपासता यायचे. लॉगिन मोजणाऱ्या प्लगिनांना किंवा फायरवॉलला दिसायची ती एकच विनंती.

आणि शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइटी असतात तिथे, फसलेला प्रयत्नही फुकट नसतो. प्रत्येक वेळी पीएचपी चालतं, पूर्ण वर्डप्रेस उठतं, डेटाबेस विचारला जातो. तुमच्या एका साइटीची सोय म्हणून शेजारच्या दुकानाची साइट का रखडावी?

माजघर:
शब्द मागे घेतो. पण मल्टिकॉलचं भोक वर्डप्रेस 4.4 मध्येच बुजवलंय. त्या विनंतीतला पहिला पासवर्ड चुकला की पुढचे सगळे नाकारले जातात. आज प्रत्येक अंदाजाला वेगळी विनंती लागते, आणि वेगळ्या विनंत्या सर्व्हरवर मोजून रोखता येतात. लॉगिनच्या पानावरही हाच मारा होतो. ते पान कुणी बंद करतं का?

शिक्षिका_सातारा:
मोजून रोखण्याबद्दल एक सांगते. आमच्या शाळेच्या साइटीवर पाच चुका झाल्या की आयपी बंद करणारं प्लगिन आहे. मोबाइल नेटवर्कवर कितीतरी लोक एकाच आयपीने बाहेर पडतात, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हतं. निकालाच्या दिवशी एका सरांनी पासवर्ड चुकवला आणि आम्ही चौघी बाहेर. नंतर साइट क्लाउडफ्लेअरमागे (येणारी प्रत्येक विनंती आधी आपल्याकडे घेऊन पुढे पाठवणाऱ्या सेवेमागे) नेली, तर प्लगिनला सगळ्यांचा आयपी क्लाउडफ्लेअरचाच दिसायला लागला. खरा आयपी वाचायची सेटिंग करेपर्यंत रोज कुणी ना कुणी अडकत होतं. हल्लेखोराकडे हजारो आयपी असतात, आमच्याकडे एकच. शिक्षा कुणाला होते ते बघा.

रात्रपाळी:
ताई, अगदी बरोबर, आणि म्हणूनच मी मोजत बसण्यापेक्षा बंद करणं पसंत करतो. माजघर, तुमच्या उपायात एक गफलतही आहे. आयपींची यादी जेटपॅकला पुरेल. संपादक ताईंच्या फोनचा आयपी रोज बदलतो. तो कुठल्या यादीत घालणार?

माजघर:
घालायची गरजच नाही. जेटपॅक जोडलेलं असलं आणि ॲपमध्ये वर्डप्रेस डॉट कॉमच्या खात्याने शिरलं, तर ॲप त्यांच्या सर्व्हरमार्फत साइटीशी बोलतं. आमच्या साइटीला फोनचा आयपी दिसतच नाही. शिवाय जेटपॅकची ओळख सही केलेल्या टोकनवर पटते, पासवर्डवर नाही. त्या वाटेने पासवर्डचा अंदाज बांधणाऱ्याला येता येत नाही.

कुलूपकिल्ली:
ज्यांच्याकडे जेटपॅक नाही त्यांचं काय? त्यांना 2020 च्या वर्डप्रेस 5.6 पासून ॲप्लिकेशन पासवर्ड मिळतो. चोवीस अक्षरांचा, प्रत्येक ॲपला वेगळा, हवा तेव्हा रद्द करता येणारा. अंदाजाने तो सापडणं अशक्यच. पण तो चालू केल्याने नेहमीचा पासवर्ड त्या वाटेने चालायचा थांबत नाही, तो वेगळा रोखावा लागतो. आणि हा ॲप्लिकेशन पासवर्ड दोन टप्प्यांची ओळख (पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड) ओलांडून जातो. जुन्या फोनमध्ये प्रशासकाचा असा पासवर्ड राहिला आणि फोन विकला, तर साइटही त्याच्याबरोबर गेली. मी ग्राहकांच्या साइटींवर ही सोय बंद ठेवते.

माजघर:
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. संपादक ताईंचं खातं प्रशासकाचंच होतं! लेख चढवायला संपादकाची भूमिका पुरते. आज संध्याकाळीच बदलतो.

रात्रपाळी:
माझी तडजोड इतकीच: मुळात बंद, मागितलं तर त्या साइटीपुरतं जेटपॅकच्या पत्त्यांना उघडं. बंद करण्याआधी आठवडाभर मेल जायला हवी होती, हे मात्र मान्य. तुमच्या होस्टिंगवाल्यांचं तिथे चुकलं.

माजघर:
मेल गेली असती तरी ताईंना त्यातलं काय कळलं असतं? "एक्सएमएल-आरपीसी बंद होत आहे" यावरून आपलं ॲप थांबणार हे त्यांनी कसं ओळखायचं? मेलमध्ये लिहा: फोनच्या ॲपमधून लेख चढवत असाल तर आम्हाला कळवा. मग मुळात बंद ठेवायला माझी हरकत नाही.

शिक्षिका_सातारा:
असली मेल मला आली असती तर मी त्याच दिवशी उत्तर दिलं असतं.