मदत हवी आहे: जुन्या जीपचा मागचा भाग वेगात सरकतो

सेकंडहँड डिझेल जीप आहे, २०११ चे मॉडेल, मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग). साठच्या पुढे एक्सलरेटर दाबला की गाडी डावीकडे ओढते, सोडला की उजवीकडे. टायर नवे आहेत, अलाइनमेंट झाले आहे. आधीच्या मालकाने माल वाहण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकलेला दिसतो. गॅरेजमध्ये मागचे दोन्ही शॉकअप बदलायला सांगतात. तेवढ्याने भागेल का?

प्रतिसाद १
शॉकअपवर आत्ता पैसे घालू नका. शॉकअप गेला की गाडी खड्ड्यानंतर उसळत राहते. एक्सलरेटरवर दिशा बदलते म्हणजे एक्सल (मागची दोन चाके जोडणारा आस) पाट्यांवर पक्का बसलेला नाही. तुम्ही सांगता त्या लक्षणात डावी बाजू सैल असते: जोर आला की डावे चाक पुढे सरकते, जोर सुटला की मागे. पाट्यांच्या थप्पीतून आरपार जाणारा सेंटर बोल्ट तुटलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्याचे डोके एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसून एक्सल जागेवर धरते.

सपाट जागी, पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलच्या नळीपर्यंत दोन्हीकडे टेपने मोजा. मग पाटा आणि बैठक यांच्या सांध्यात बॅटरी मारून बघा. तांबडी भुकटी किंवा घासून चकाकलेला पट्टा दिसला तर तिथे हालचाल चालू आहे.

प्रश्नकर्ता
मोजले. डावीकडे १२ मिमी कमी भरते आणि तांबडी भुकटीही आहे. गॅरेज ४० किमीवर आहे, हळू नेली तर चालेल?

प्रतिसाद १
नको, उचलून न्या. यू-बोल्ट (पाटे आणि एक्सल एकत्र आवळणारे U आकाराचे बोल्ट) सैल असताना ब्रेक लागला तर एक्सल आणखी सरकेल, ब्रेकची नळी ताणली जाईल.

काम करताना चेसिस स्टँडवर, एक्सल जॅकवर, आणि एका वेळी एकच बाजू खोलायची. सेंटर बोल्ट काढण्याआधी पाट्यांना दोन्ही अंगांनी सी-क्लॅम्प लावा, नाहीतर पाटे उसळून हात जायबंदी होतो. यू-बोल्ट नवेच घ्या, ताणलेले जुने पुन्हा धरत नाहीत. चारही नट तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा, शेवटचा कस गाडी चाकांवर उतरवून मॅन्युअलमधल्या आकड्याइतका. काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा कसा, कारण पाटे बसले की नट सैलावतात. हेच दुसऱ्यांदा कसणे गॅरेजमध्ये सर्रास राहून जाते आणि नवा बोल्टही तुटतो.

प्रतिसाद २
वरचे पटले. पण तो जादा पाटा तसाच ठेवू नका. मागची बाजू उचलली गेली की पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते. मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा) असेल तर उंचीमुळे तो गाडी रिकामी समजतो, भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी पडतो. पाटा दोन्हीकडचा काढा आणि व्हॉल्व्ह पुन्हा सेट करा.

एक फसवी गोष्ट: जादा पाट्यासाठी यू-बोल्ट लांब टाकलेले असतात. पाटा काढल्यावर तेच वापरले तर नट आटे संपतात तिथे अडतो. पान्याला घट्ट लागते, पण पाटे मोकळेच राहतात. पाट्यांच्या नव्या जाडीप्रमाणे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट मोजून घ्या.

प्रतिसाद ३
एवढे खोलणारच आहात तर शॅकलचे (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) रबरी बुश टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, हलवून बघा. रबर फाटले असेल किंवा भोक लांबट झाले असेल तर दोन्ही बाजूंचे बदला. बसवताना ग्रीस नको, रबर फुगते; साबणाचे पाणी पुरते. बुशचे बोल्टही गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. जॅकवर आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

गाडी किनारपट्टीवरची असेल तर पाट्यांचे ब्रॅकेट चेसिसला जिथे जोडले आहे तिथे हातोडीने ठोकून बघा. आवाज भद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर पाटे पुन्हा चढवण्याआधी वेल्डिंगचे काम करून घ्या.